शेवट ठरलेली मालिका



आपल्या नाशिककडे पारायणाची पद्धत सगळ्यांच्या परिचयाची आहे. गुरुचरित्राचे पारायण बहुधा सात दिवसांचे. पहिल्या दिवशी कोणत्या अध्यायापर्यंत वाचायचे, दुसऱ्या दिवशी कुठे थांबायचे, हे पोथी उघडण्यापूर्वीच ठरलेले असते. वाचणाऱ्याला ते ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही ठाऊक असते. सातव्या दिवशी अवतरणिका झाली, आरती झाली, प्रसाद वाटला, की पोथी रुमालात बांधून पुन्हा फडताळात जाते. यंदा ऐकायला मंडळी फार जमली, तेव्हा आणखी दोन दिवस वाढवू या, असे काही कोणी म्हणत नाही. म्हणायचे ठरवले तरी वाचणार काय? पोथी संपलेली असते.

आज मला ज्या विषयावर बोलायचे आहे तो वरवर पाहता या पारायणापासून फार लांबचा वाटेल. दूरचित्रवाणीवर जिला ‘लिमिटेड सिरीज’ म्हणतात, मराठीत आपण मर्यादित मालिका म्हणू या, त्या प्रकाराविषयी मी बोलणार आहे. चार, सहा, दहा अशा मोजक्या भागांत एकच गोष्ट सांगायची आणि गोष्ट संपली की मालिकाही संपवायची, असा हा प्रकार. त्याच्या शेजारी दुसरा एक प्रकार आहे, विशेष कार्यक्रमाचा. तो एकदाच होतो, एका बैठकीत संपतो. आणि तिसरा प्रकार तर आपल्या घरोघरचा. संध्याकाळी सातला सुरू होणारी रोजची मालिका, जिच्यात सूनबाई तीन वर्षे त्याच जिन्यावरून उतरत असतात. या तिसऱ्या प्रकाराला मी नावे ठेवणार नाही. दिवसभर राबलेल्या माणसाला ओळखीचे चेहरे रोज भेटावेत असे वाटले, तर त्यात गैर काय? पण त्या मालिकेच्या लेखकाला शेवट माहीत नसतो, एवढे मात्र लक्षात ठेवावे. लोक पाहतात तोवर गोष्ट चालायची आणि पाहीनासे झाले की आवरायची. मर्यादित मालिकेच्या लेखकाला मात्र पहिल्या भागाची पहिली ओळ लिहिताना शेवटचा भाग डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. या एका फरकातून बाकीचे सगळे फरक निघतात, असे माझे मत आहे.

आता समीक्षकांनी वाखाणलेली मालिका म्हणजे काय, तेही जरा पाहू. प्रेक्षकांची संख्या मोजण्याची यंत्रे असतात, आणि रोजच्या मालिकांचे आयुष्य त्या आकड्यांवर ठरते. समीक्षक आकडे पाहत नाही. गोष्ट काय होती, ती जेवढ्या वेळात सांगितली तेवढा वेळ तिला खरोखर लागत होता का, आणि ती पाहून झाल्यावर माणसाजवळ काय उरले, हे तो विचारतो. दोघांचे उत्तर कधी जुळते, बऱ्याचदा जुळत नाही. २०२५ साली मात्र ते एका मालिकेबाबत अगदी जुळले. इंग्लंडात तयार झालेली ‘ॲडोलसन्स’ ही ती मालिका. अमेरिकेत दूरचित्रवाणीसाठी दिली जाणारी ‘एमी’ पारितोषिके १४ सप्टेंबर २०२५ रोजी जाहीर झाली, तेव्हा एका संध्याकाळी या मालिकेने सहा पारितोषिके घेतली. मर्यादित मालिकेचे, दिग्दर्शनाचे, लेखनाचे आणि अभिनयाची तीन. त्यांतले एक ओवेन कूपर नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाला मिळाले.

गोष्ट अगदी थोडी आहे. तेरा वर्षांच्या एका मुलाला, त्याच्या शाळेतल्या मुलीच्या खुनाच्या संशयावरून, पोलीस भल्या पहाटे घरातून उचलून नेतात. त्याने ते केले की नाही, हा प्रश्न पहिल्या भागातच निकालात निघतो. रहस्यकथा लिहिणाऱ्याने तो चौथ्या भागापर्यंत लांबवला असता. इथे उरलेले तीन भाग ‘का?’ या प्रश्नाला दिले आहेत. मुलगा कोणती भाषा ऐकत होता, मोबाइलवर काय वाचत होता, बापाला त्यातले काय कळले आणि काय कळले नाही. बापाचे काम स्टीफन ग्रॅहम यांनी केले, आणि जॅक थॉर्न यांच्याबरोबर लेखनही त्यांचेच. तिसरा भाग तर बहुतेक एका खोलीतच घडतो. एक मानसशास्त्रज्ञ बाई आणि तो मुलगा समोरासमोर बसून बोलतात. जवळजवळ तासभर हे बोलणे चालते, आणि पाहणाऱ्याचा हात पाण्याच्या भांड्याकडे जात नाही.

या मालिकेच्या चित्रणाविषयी फार बोलले गेले. चारही भाग एकेका सलग चित्रणात घेतले आहेत. म्हणजे काय, तर कॅमेरा एकदा सुरू झाला की भाग संपेपर्यंत थांबायचा नाही. मधे कापाकापी नाही, जोडाजोड नाही. एकाच्या हातातला कॅमेरा चालता चालता दुसऱ्याच्या हातात द्यायचा, तो मोटारीत शिरायचा, पुन्हा बाहेर यायचा; एका ठिकाणी तर तो हवेत उडणाऱ्या ड्रोन यंत्राला अडकवून गावावरून नेला आहे. त्यासाठी तालमी किती झाल्या असतील याची कल्पना आपल्या कालिदास कलामंदिराच्या रंगमंचामागे ज्याने एकदा जरी काम केले असेल त्याला येईल. नटाने वाक्य विसरून चालत नाही, दिवेवाल्याने डुलकी घेऊन चालत नाही. पण मला विचाराल तर या करामतीपेक्षा गोष्ट चारच भागांत संपवली हे अधिक अवघड होते. मालिका इतकी गाजल्यावर तिला दहा भाग करता आले असते. त्या मुलाचा खटला आला असता, वकील आले असते, साक्षीदार फुटले असते. यातले काहीच दाखवलेले नाही. चौथा भाग त्याच्या आईबापांच्या घरात सुरू होतो आणि तिथेच संपतो. पुढे ब्रिटनमध्ये माध्यमिक शाळांतून ही मालिका विनामूल्य दाखवण्याची सोय झाली आणि तिला तिथल्या पंतप्रधानांनी पाठिंबा दिला.

हे सारे परदेशचे झाले. आपल्याकडे असे काही झाले आहे की नाही, असा प्रश्न एव्हाना आपल्यापैकी कोणाच्या तरी मनात आला असेल. झाले आहे, आणि चांगले झाले आहे. फक्त त्या काळी त्याला वेगळे नाव नव्हते.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस चिं. वि. जोशांचे चिमणराव व गुंड्याभाऊ पडद्यावर आले, दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांच्या रूपाने. ते ज्यांनी पाहिले त्यांना आजही सांगावे लागत नाही. पुढे ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ सुरू झाली व तिचे १५६ भाग झाले. लांब मालिकेचा संसार आपल्याकडे इथून मांडला गेला. तरीही त्या दशकात दूरदर्शनच्या बऱ्याच मालिका तेरा भागांच्या असत. वर्षाचे आठवडे बावन्न, तिमाहीचे तेरा. आठवड्याला एक भाग धरला की तेरा भागांत तिमाही भरते. हा हिशेब कचेरीतला होता, कलेतला नव्हे. पण त्या कचेरीच्या हिशेबाने कलेवर उपकार केले, असे मी म्हणेन. लेखकाला शेवटाची तारीख मिळाली.

तारीख हलली की काय होते, याचे उदाहरण आपल्या पंचवटीचेच आहे. रामानंद सागर यांचे ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाले ते बावन्न भागांचे म्हणून. रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले, लोक संचाला हार घालू लागले, आणि भाग वाढत वाढत ७८ झाले. आता रामकथा कुठे संपते हे नाशिककराला कोणी सांगायला नको. पण मधल्या भागांत युद्धावर युद्धे चालली, एकेक बाण आकाशात जाऊन दुसऱ्या बाणाला भेटेपर्यंत चहा होत असे. लोकांना ते आवडले. त्यांच्या आवडीबद्दल माझी तक्रार नाही. मात्र गोष्टीला लागणारा वेळ वेगळा आणि लोकांना हवा असलेला वेळ वेगळा, हे तिथे स्पष्ट दिसले.

त्याच वर्षी, १९८७ मध्ये, मुंबई दूरदर्शनवर ‘स्वामी’ आली. रणजित देसाई यांची कादंबरी, गजानन जागीरदारांचे दिग्दर्शन, रवींद्र मंकणी माधवराव आणि शाळकरी वयाची मृणाल देव रमाबाई. या मालिकेतील माणसांचा आपल्या गावाशी जवळचा संबंध आहे. माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाई पुढे इथे गंगापुरास येऊन राहिल्या. राघोबादादांचे वास्तव्य आनंदवल्लीस होते. पेशव्यांच्या घरातल्या बेबनावाची दोन टोके नाशिकपासून दोन-तीन कोसांच्या आत होती म्हणा ना. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला गेले, हे शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक. तरीही शेवटच्या भागाला घरोघर डोळ्यांना पदर लागले. शेवट ठाऊक असल्याने उत्सुकता कमी होते, असे जे म्हणतात त्यांनी हे आठवावे. माधवराव किती दिवसांचे सोबती आहेत हे ठाऊक असल्यामुळेच त्यांचा एकेक दिवस मोलाचा वाटत होता.

विशेष कार्यक्रमाविषयी फार विस्तार करीत नाही. एकच नाव घेतो. सत्यजित राय यांनी १९८१ साली दूरदर्शनसाठी प्रेमचंदांच्या कथेवरून ‘सद्गती’ केली. तासाभराच्याही आत संपणारी. ओम पुरी, स्मिता पाटील आणि ब्राह्मणाच्या कामात आपले मोहन आगाशे. मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून द्या म्हणून चांभार ब्राह्मणाच्या दारी येतो; ब्राह्मण त्याला आधी लाकडाचा ओंडका फोडायला लावतो, आणि उपाशीपोटी घाव घालता घालता चांभार मरतो. एवढेच. त्या ओंडक्यावरचे घाव ऐकताना जे वाटते ते शंभर भागांत वाटले नसते. ही गोष्ट मनात असू द्या. शेवटी तिच्याकडे यायचे आहे.

आता ‘तमस’. या मालिकेला थोडा अधिक वेळ देणे भाग आहे, कारण तिच्यापायी एक प्रश्न थेट न्यायालयात गेला. भीष्म साहनी यांची कादंबरी फाळणीच्या आधीच्या पंजाबातील दंगलीची. गोविंद निहलानी यांनी ती पडद्यावर आणली. विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिलेला ‘आक्रोश’ आणि श्री. दा. पानवलकरांच्या कथेवरून केलेला ‘अर्धसत्य’ यांमुळे निहलानी मराठी माणसाला परके नव्हते. ‘तमस’ सारी मिळून सुमारे पाच तासांची. ओम पुरी, दीपा साही, अमरीश पुरी, सुरेखा सिक्री, आपल्या उत्तरा बावकर, आणि एका भूमिकेत खुद्द भीष्म साहनी. गोष्टीची सुरुवात अशी. नत्थू नावाच्या कातड्याच्या कामगाराला काही पैसे देऊन एक डुक्कर मारायला सांगतात. कशासाठी, हे त्याला ठाऊक नसते. सकाळी ते डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडते. पुढचे सारे त्या एका रात्रीतून निघते, आणि दंगल ज्यांनी पेटवली ते शेवटी शांततेच्या सभेत दिसतात.

९ जानेवारी १९८८ पासून दर शनिवारी रात्री ही मालिका दाखवली जाऊ लागली. दोन भाग होतात न होतात तोच मुंबईच्या उच्च न्यायालयात अर्ज आला. या मालिकेने जमातीजमातींत तेढ वाढेल, ती थांबवा. तात्पुरती मनाई झालीही. त्यावर अपील आले ते न्यायमूर्ती लेंटिन व न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांच्यापुढे. त्यांनी काय केलं? आधी सगळी मालिका बसून पाहिली. एखाददुसरा प्रसंग पाहून मत दिले नाही. पाहून झाल्यावर मनाई उठवली, आणि प्रक्षेपण चालू राहिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथेही १६ फेब्रुवारी १९८८ रोजी मालिकेच्या बाजूने निकाल लागला.

या निकालात मला महत्त्वाचे वाटते ते हे, की न्यायालयाने प्रेक्षक कोणता धरावा, हा प्रश्न उघडपणे विचारला. घाबरट, पोकळ मनाचा, प्रत्येक विरोधी मतात संकट हुंगणारा माणूस मोजमापाला घ्यायचा, की समंजस, खंबीर मनाचा माणूस घ्यायचा? या कसोटीसाठी सर्वोच्च न्यायालयाने आधार घेतला तो नागपूर उच्च न्यायालयाच्या निकालाचा, न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचा. त्यांनी दुसऱ्या प्रकारचा माणूस प्रमाण मानला होता. म्हणजे नागपुरात मांडलेले माप चाळीस वर्षांनी मुंबईतील एका मालिकेला लागू पडले. आणि इथे मर्यादित मालिकेचा एक गुण अगदी व्यवहारात उपयोगी पडला. मालिका पुरी झालेली होती, तिचा शेवट चित्रित होऊन पेटीत बंद होता, म्हणून न्यायमूर्तींना ती अथपासून इतीपर्यंत पाहता आली. दंगलीचे दृश्य सुटे पाहिले तर ते भडकवणारे वाटेलही. पण ते कुठून आले आणि कुठे गेले, हे पाहिल्यावर अर्थ बदलतो. चालू असलेल्या, पुढचा भाग अजून लिहायचा असलेल्या मालिकेवर असा अर्ज आला असता, तर न्यायमूर्तींनी पाहिले तरी काय असते?

‘तमस’ला पुढे राष्ट्रीय एकात्मतेचा नर्गिस दत्त पुरस्कार मिळाला, सुरेखा सिक्री यांना साहाय्यक अभिनेत्रीचा व वनराज भाटियांना संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. समीक्षकांची दाद अशा वेळी केवळ शोभेची नसते. वादात सापडलेल्या कृतीला ती आधार देते.

त्याच १९८८ साली श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ सुरू झाली. पंडित नेहरूंनी ज्या पुस्तकावरून ती बेतली ते पुस्तक लिहिले आपल्या शेजारी, आताच्या अहिल्यानगरच्या भुईकोट किल्ल्यात, १९४४ साली, स्थानबद्धतेत. भाग ५३. संख्या मोठी असली तरी ही मालिका मी मर्यादितच धरतो, कारण पाच हजार वर्षांना त्रेपन्न तास म्हणजे काहीच नव्हे. नसीरुद्दीन शाहांचे शिवाजी महाराज व नगरच्या सदाशिव अमरापूरकरांचे जोतीराव फुले त्यात होते. फुल्यांचा तो भाग आजही मुद्दाम काढून पाहावा असा आहे.

पण बेनेगल यांची जी मालिका मला आज विशेष सांगायची आहे ती पंचवीस वर्षांनंतरची. ‘संविधान’. दहा भाग, राज्यसभा दूरचित्रवाणीसाठी केलेली, शमा झैदी व अतुल तिवारी यांचे लेखन. पहिला भाग दाखवला गेला तो दिवस होता रविवार, २ मार्च २०१४.

नाशिककराने ही तारीख पुन्हा एकदा म्हणून पाहावी. २ मार्च. १९३० साली याच तारखेला, आणि त्या दिवशीही रविवारच होता, डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली इथे सभा झाली आणि हजारो माणसांची मिरवणूक काळाराम मंदिराकडे निघाली. मंदिराचे दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवसापासून चारी दरवाजांपाशी सत्याग्रही बसले, बायकाही बसल्या. दिंडोरी तालुक्यातील आंब्याचे भाऊराव, म्हणजे दादासाहेब, गायकवाड यांनी पुढची वर्षे हा लढा नेटाने चालवला. रथाच्या दिवशी दगडफेक झाली, माणसांची डोकी फुटली. थांबत, पुन्हा सुरू होत, हे चार-पाच वर्षे चालले, आणि दरवाजा उघडला नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले.

मालिकेचा मुहूर्त ठरवणाऱ्यांनी २ मार्च ही तारीख मुद्दाम निवडली, असे मी म्हणत नाही. तो योगायोगच असेल. पण पाहणारा नाशिकचा असला, की हा योगायोग त्याला मालिका वेगळ्या तऱ्हेने पाहायला लावतो.

कारण असे, की ‘संविधान’ मालिकेत बहुतेक वेळ माणसे बसून बोलतात. सभागृहात बोलतात, समितीच्या खोलीत बोलतात, व्हरांड्यात उभे राहून बोलतात. मधे निवेदिका स्वरा भास्कर प्रेक्षकाला वाट दाखवते. सचिन खेडेकर आंबेडकरांच्या भूमिकेत, दलीप ताहिल नेहरू, उत्कर्ष मजुमदार सरदार पटेल, नीरज काबी गांधीजी, टॉम अल्टर मौलाना आझाद. कोणाला वाटेल, यात नाट्य ते काय? आता थोडे आकडे घेऊ. संविधान सभा ९ डिसेंबर १९४६ रोजी प्रथम भरली आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना मंजूर झाली. अकरा अधिवेशनांत १६५ दिवस कामकाज चालले. मसुद्याला ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. कामकाजाचे छापील वृत्तांत बारा खंडांचे. हे सारे दहा भागांत बसवायचे, म्हणजे एका भागाच्या वाट्याला साडेसोळा दिवस आले! गाळायचे काय, ठेवायचे काय, हाच तिथला खरा लेखनधर्म. त्यांनी दिवसवार सांगण्याऐवजी विषयवार भाग पाडले. मूलभूत हक्क, भाषा आणि अल्पसंख्याक, संस्थाने, न्यायव्यवस्था, असे. हे शहाणपणाचे झाले. तारखांच्या मागे लागले असते तर मालिका दप्तरखाना झाली असती.

दोष नाहीत असे नाही. सभागृहातले मूळ बोलणे बरेचसे इंग्रजीत झाले होते. मालिकेत ते मोठ्या प्रमाणावर हिंदीत आले आहे. एरवी ते खटकत नाही, पण राष्ट्रभाषेचा वाद चालू असताना हिंदीला विरोध करणारा सभासद हिंदीतूनच तावातावाने बोलू लागतो, तेव्हा ओठांवर हसू येतं. पोशाख व मिशा काही ठिकाणी फार नवीन वाटतात. आणि खेडेकरांचे आंबेडकर मला पहिल्या दोन भागांत जरा अधिक सौम्य वाटले. पुढे ते भूमिकेत असे मुरतात की चेहऱ्याचा विचार मागे पडतो.

त्या बसून बोलण्यात नाट्य कुठून येते, हे काळाराम मंदिरावरून ज्याचे रोजचे येणेजाणे आहे त्याला अधिक लवकर कळावे. पाच वर्षे दरवाजाशी बसून जे झाले नाही, ते कागदावरच्या एका कलमात उतरवायचे होते. मुंबई इलाख्यात मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ मध्येच झाला होता. पण इलाख्याचा कायदा उद्याचे कायदेमंडळ बदलू शकते. घटनेतले कलम तसे नसते. आज ज्याला आपण सतरावे कलम म्हणतो, अस्पृश्यता नष्ट केली असे सांगणारे, ते मसुद्यात अकरावे होते आणि २९ नोव्हेंबर १९४८ रोजी सभेने मंजूर केले. त्या क्षणी सभागृहात महात्मा गांधींच्या नावाचा जयजयकार झाला, अशी नोंद वृत्तांतात आहे. मसुदा मांडणारे आंबेडकर तिथेच होते. पंचविसाव्या कलमात हिंदूंची सार्वजनिक देवालये सर्व वर्गांना खुली करण्याचा कायदा करण्याची मुभा राज्याला दिली आहे. या कलमांच्या भाषेत भावनेचा एक शब्द नाही. पण आपल्याला त्या शब्दांमागे बंद दरवाजा दिसतो. ‘सद्गती’तला ओंडका मघाशी मनात ठेवा म्हटले होते, तो इथे आठवतो. राय यांनी तासाभरात जे दुःख दाखवले, त्यावरचा लेखी तोडगा बेनेगल यांनी दहा भागांत दाखवला. दोघांनाही आपापल्या गोष्टीचे माप बरोबर कळले होते.

मालिका संपते ती उत्सवावर नव्हे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी आंबेडकरांनी सभेत शेवटचे मोठे भाषण केले. राजकारणात एक माणूस एक मत आणि समाजात व अर्थकारणात मात्र विषमता, अशा विसंगतीत आपण २६ जानेवारी १९५० रोजी पाऊल टाकणार आहोत, हा इशारा त्यात होता. ज्यांना आपण विजयाचा शेवट समजतो, त्यांतल्या फार थोड्या गोष्टी असा प्रश्न हातात देऊन थांबतात. रोजच्या मालिकेत असा शेवट ठेवता येत नाही, कारण दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा काहीतरी घडवावे लागते.

राज्यसभा दूरचित्रवाणी आता वेगळी राहिली नाही. २०२१ साली ती लोकसभेच्या वाहिनीबरोबर एक होऊन संसद दूरचित्रवाणी झाली. श्याम बेनेगल २३ डिसेंबर २०२४ रोजी गेले. मालिकेचे दहाही भाग आंतरजालावर पाहता येतात, घरातील मुलांना सांगितले की ती दोन मिनिटांत काढून देतात. एकाच रात्री सगळे भाग पाहून टाकण्याची हल्ली रीत आहे, तशी ही मालिका पाहू नये, एवढी सूचना करतो. मूळ प्रक्षेपण दर रविवारी सकाळी एक भाग, असे होते. तोच क्रम ठेवावा आणि मार्चच्या पहिल्या रविवारी आरंभ करावा. दहा रविवार लागतात. शेवटचा भाग मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात येतो, म्हणजे गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला भरलेली असते त्या दिवसांत. सकाळी मालिकेचा भाग पाहून संध्याकाळी घाटावर व्याख्यानाला येता येईल, आणि वाटेत काळाराम मंदिराचा दरवाजा लागतोच.